अकरा ढगाळ रात्री

४ फेब्रुवारी

अक्का,

तुला वाकून नमस्कार. गुडघे आता खरोखरचं वाकू देत नाहीत, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे.

तू म्हणशील, पंडिताला आज बहिणीची आठवण कुठून झाली? काम आहे म्हणून झाली. कामाशिवाय पत्र लिहिणारा मी नव्हे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

बातमी अशी की सहावीच्या नव्या पाठ्यपुस्तकात माझा धडा येतोय. 'न चुकलेल्या एकतीस रात्री.' तोच तो, रेडिओवर सांगितलेला आणि नंतर चारशे-पाचशे शाळांतून सांगून सांगून गुळगुळीत झालेला. एक तरुण वेधशाळेत एका ताऱ्यावर डोळा ठेवून बसतो, रोज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज वहीत लिहितो, एकतीस रात्रींत एकही चुकवत नाही, आणि शेवटी त्या ताऱ्याच्या कमी-जास्त होण्याचं गणित त्याला सुटतं. मुलं टाळ्या वाजवतात, शिक्षक डोळे वटारून म्हणतात, 'बघा, याला म्हणतात चिकाटी!' आयुष्यभर मोठमोठ्या ग्रहगोलांवर बोललो, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा चिकटपणाच.

पुस्तकाच्या समितीतल्या बाईंना धड्यासोबत एक जुना फोटो हवाय. घुमटाच्या पायऱ्यांवर आपण दोघं उभे आहोत, मी काडीसारखा, तुझ्या हातात पावसाचं पाणी मोजायचं काचेचं मोजपात्र. तो तुझ्याकडे असेल. खाली मी लिहून देणार आहे, 'लेखक आणि त्यांची मावसबहीण, वेधशाळेच्या हवामान निरीक्षक.' आई गेल्यावर मला घरात घेणारी तू, वेधशाळेत चिकटवून देणारीही तूच. पुस्तकात निदान कडेला तरी उभी राहा. तुझा पत्ता बाईंनाही दिलाय, त्या कदाचित लिहितील.

फोटो लवकर पाठव. आणि आतल्या बाजूला पुठ्ठा घाल, नाहीतर माझ्या नाकावर घडी पडेल.

तुझा
पंडित

&nbsp;

१३ फेब्रुवारी

पंडिता,

आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत. तुझं पत्र मी खालच्या शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुमचे भाऊ आता शाळेतल्या पोरांना छळणार म्हणा की. मला बरं वाटलं.

पण फोटो पाठवत नाही. हरवलेला नाही, कपाटात आहे, खोटं कशाला बोलू. मला त्या धड्यात घेऊ नकोस, बहीण म्हणून नको आणि निरीक्षक म्हणून तर मुळीच नको. मला लाज वाटते.

तुला कदाचित आठवतही नसेल. तुझ्या त्या एकतीस रात्रींत माझी हवामानाची वही चालूच होती. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं, संध्याकाळी सहाला, रात्री नऊला, सकाळी सहाला. त्यातल्या अकरा रात्री मी लिहिलं होतं, आठापैकी आठ. म्हणजे सुई ठेवायला जागा नाही. आणि त्याच अकरा रात्री तू तारा पाहून आकडा लिहिला होतास. ढगाआडून काही तारा दिसत नाही, म्हणजे ढग नव्हते. वेधशाळेच्या मोठ्या साहेबांनी माझ्या त्या अकरा नोंदींवर तांबडी रेघ ओढली आणि प्रत्येक रेघेशेजारी मला सही करायला लावली. अकरा सह्या.

मग मला ग्रंथालयात बसवलं, पुस्तकांवर शिक्के मारायला. वर्षभरानं मीच सोडलं. औषधाच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यात एकही बाटली मी एकटीनं वाचून गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही. आधी मी वाचायची, मग मालकांना वाचायला लावायची. ते म्हणायचे, 'बाई, देवानं तुम्हाला डोळे दिलेत ते काय शोभेला?' मीही हसायची. आजसुद्धा कपडे वाळत घालायच्या आधी मी शिंपीणबाईंना विचारते, आभाळ आलंय का हो? त्या म्हणतात, वर बघा की. वर बघते, तरी विचारते.

आता विषय निघालाच आहे तर एक सांग. त्या रात्री ढग किती वाजता फाटायचे? मला डुलकी लागत होती का? तू कधी मला पेंगताना पाहिलंस? चिडणार नाही. या वयात ते कळून गमावलेलं काम काही परत येणार नाही, पण आपलं नेमकं कुठे चुकलं ते मरायच्या आधी माणसाला कळायला हवं.

औषधं वेळेवर घेत जा.

अक्का

&nbsp;

२० फेब्रुवारी

अक्का,

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं ते कळेना. एवढीशी गोष्ट, आणि ती तू चव्वेचाळीस वर्षं उराशी धरून बसलीस? वेडी आहेस झालं!

अगं, ढग म्हणजे काही स्लॅब नव्हे. मी रेडिओवर सांगायचो ना, ढगांची गोधडी असते, आणि गोधडी कितीही जाड असली तरी एखादं ठिगळ उसवलेलं असतंच. वरचा वारा खालच्यापेक्षा वेगळा वाहतो. पाच मिनिटं आकाश उघडतं आणि पुन्हा मिटतं. तारा बघणाऱ्याला पाच मिनिटं खूप झाली. तू नऊला पाहिलंस, मी पावणेदहाला. यात कुणाची चूक काढायची? थोडी दमायचीस, तेही खरं. सकाळी सहाला उठायचं, घरचं सगळं बघायचं, आणि वर आमच्यासारख्यांचे डबे. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर वहीवर डोकं ठेवून घोरलं असतं. मला तरी त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही.

उलट तुझ्या पत्रावरून एक छान कल्पना सुचली. धड्याच्या शेवटी एक चौकट टाकू, 'चांगल्या निरीक्षकाकडूनही चूक होते. चूक मान्य करणं हेही विज्ञानच.' तुझं नाव अर्थातच घालणार नाही. मुलांना ते फार उपयोगी पडेल.

डोळ्यांचंच म्हणशील तर एकदा तपासून घे. या वयात मोतीबिंदू व्हायचाच.

फोटोचं मात्र बघ हं. बाईंचा दोनदा फोन येऊन गेला.

तुझा
पंडित

&nbsp;

१ मार्च

पंडिता,

डोळे दाखवले. मोतीबिंदू नाही. डॉक्टरीण म्हणाली, आजी, तुमच्या वयाच्या मानानं नजर चांगली आहे. मी म्हटलं, बाई गं, हे चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस. ती बिचारी तेव्हा जन्मलीही नसेल.

गोधडीचं पटलं. तुला समजावून सांगायची हातोटी पहिल्यापासूनच आहे. दहावीत नापास व्हायच्या बेतात असलेल्या मलासुद्धा तू, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, भूमिती शिकवली होतीस. पण मी आपली पेन्सिलीची वही काढून बसले. आठवतं ना, बाहेर उभं राहून पेन्सिलीनं लिहायचं आणि आत येऊन शाईनं उतरवायचं? तांबडी रेघ शाईच्या वहीवर पडली, पेन्सिलीची माझ्याकडेच राहिली. मी ती अधूनमधून वाचते. लोक पोथी वाचतात तशी.

दहा रात्रींचं तुझं म्हणणं बसतं. एकीचं अडतंय. एकोणीस तारीख. नऊला आठापैकी आठ. सकाळी पर्जन्यमापकात एक्केचाळीस मिलिमीटर. शेजारी मी लिहिलंय, 'रात्रभर धार, क्षणभरही खंड नाही.' तू पावणेदहाला तारा पाहिलास. आता ढगाला भोक पडेल, पण पावसाला? मी मग असं धरलं की आदल्या दिवशीचं पाणी ओतून द्यायचं विसरले असेन, आणि धारेचं ते अर्धवट झोपेत लिहिलं असेल. माणूस एकदा चुकणारा ठरला की त्याचं मोजपात्रही चुकतं. तरी तुला काही आठवत असेल तर सांग.

दुसरं म्हणजे, समितीतल्या बाईंचं मला पत्र आलं. ६ एप्रिलला शिक्षकांची सभा आहे, तिथे तू या धड्यावर बोलणार आहेस, मीही यावं म्हणतात. मी खूप विचार केला. तुझी ती चौकट मला आवडली. पण बिननावाची नको. आयुष्यभर तोंड लपवलं, आता किती लपवायचं? मी येते. तुझं बोलणं झालं की उभी राहून सांगते, 'ती निरीक्षक मी. अकरा रात्री मी चुकीचं लिहिलं आणि माझ्या भावानं बरोबर लिहिलं.' एकदा चारचौघांत बोलले की सुटले. बाईंना तसं कळवते आहे.

साडी कुठली नेसू ते मात्र ठरत नाही.

अक्का

&nbsp;

२४ मार्च

अक्का,

तुझ्या पत्राला तेवीस दिवस झाले. या तेवीस दिवसांत मी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. पहिल्यात तुला सभेला येऊ नकोस म्हणून प्रकृतीची कारणं दिली होती. दुसऱ्यात गाडीच्या गर्दीची. तिसरं बरंच खरं होतं, पण त्यात मी इतका सुंदर रडलो होतो की वाचताना मलाच माझी कीव आली. चौथं आठवत नाही. हे पाचवं सरळ लिहितो.

तुझ्या अकराही नोंदी बरोबर होत्या. मी त्या अकरा रात्री तारा पाहिला नाही.

बाराव्या रात्री ढग आले. मी दुर्बिणीपाशी वाट बघत बसलो, काही उघडेना. त्या ताऱ्याचं चक्र सात दिवसांचं आहे हे मला एव्हाना कळलेलं होतं, म्हणजे त्या रात्री तो किती तेजाळ असणार हेही. मी आकडा लिहून टाकला. मनाशी म्हटलं, एकच तर आहे, साहेबांना सलग मालिका हवी आहे. मग दुसरा लिहिला. पुढे पुढे तर मी घुमटात जायचे कष्टही घेतले नाहीत. तुझ्या एकोणीस तारखेला मी खोलीत पांघरूण घेऊन पडलो होतो, पत्र्यावर पाऊस वाजत होता तो मीही ऐकला, आणि आकडा सकाळी चहा घेता घेता लिहिला. आकडे सगळे बरोबर निघाले. तिथेच घात झाला. एखादा जरी चुकला असता तर मी तेव्हाच पकडला गेलो असतो आणि तू वाचली असतीस.

आता याहून वाईट आहे ते.

साहेबांनी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला विचारलं, 'यातली एक खोटी आहे. कुठली?' तू शेजारच्या खोलीत मोजपात्र धूत होतीस. नळ चालू होता, म्हणून तुला ऐकू गेलं नाही. मी म्हणालो, 'अक्का दमलेली असते, साहेब. कधीकधी खिडकीतूनच बघून लिहिते.' माझ्या तोंडून हे इतक्या सहज निघालं की मीच दचकलो. तू कधीही खिडकीतून पाहिलं नाहीस. पावसातही छत्री घेऊन पटांगणाच्या मधोमध जाऊन उभी राहायचीस, आणि आम्ही पोरं वरून तुला हसायचो. मग साहेबांनी तुला हाक मारली. तू ओले हात पदराला पुसत आलीस आणि अकरा सह्या केल्यास. मी तिथेच उभा होतो. तुला दौत मीच पुढे सरकवली.

त्या मालिकेवर माझा पहिला निबंध छापून आला, त्यावर शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यावर रेडिओ आणि पुस्तकं आणि हे सगळं. धडा सांगताना 'एकही रात्र' या शब्दांपाशी आलो की मी थांबून पाणी प्यायचो. लोकांना वाटायचं, काय बोलण्याची लकब आहे! चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी ते चांदणं शाळाशाळांतून विकत हिंडलो.

आणि फेब्रुवारीतलं माझं ते गोधडीचं पत्र. ते लिहिताना मी तरुण नव्हतो, घाबरलेला नव्हतो, नोकरी जायची नव्हती. एकाहत्तर वर्षांच्या माणसानं गार डोक्यानं बसून आपल्या बहिणीला मोतीबिंदू असेल म्हणून लिहिलं. तेव्हाच्या खोट्याला निदान वयाची सबब आहे, याला कसलीच नाही. वर तुझ्या चुकीची चौकट करून मुलांना शिकवायला निघालो होतो. मला आरशात बघून दाढी करवत नाही, अक्का. हे शब्दशः खरं आहे, न्हाव्याकडे जातो.

समितीतल्या बाईंना मी सगळं सांगितलं आणि धडा मागे घेतला. त्या म्हणाल्या, 'छपाई थांबवते, सर.' 'सर' म्हणताना त्या अडखळल्या. ६ तारखेला सभेत मी हे उभं राहून सांगणार आहे. तू मात्र येऊ नकोस. समोर तू दिसलीस तर मी पुन्हा काहीतरी गोड करून सांगेन, मला माझी खात्री नाही.

माफी मागत नाही. मागायला तोंड हवं.

एक मात्र कशानंच भरून येणार नाही. साहेब जाऊन वीस वर्षं झाली. ते गेले ते तू कामचुकार आणि मी चिकाटीचा, असंच मनात धरून गेले. तिथे आता कुणाला दुरुस्ती करता येणार? त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पंडित

&nbsp;

३० मार्च

पंडिता,

पत्र तीनदा वाचलं. शिंपीणबाई वर आल्या आणि म्हणाल्या, कोण गेलं हो? मी म्हटलं, कुणी नाही.

मला राग आला. चांगला सणसणीत आला. चहाचं पातेलं मोरीत आपटलं, त्याला पोचा आला. मग तुझ्यावर चिडायच्या ऐवजी मी माझ्यावरच चिडले, की एक्केचाळीस मिलिमीटर पाणी डोळ्यांसमोर असताना मी त्याला खोटं ठरवत बसले. तू मला एकदा खोटं पाडलंस. मी मला रोज पाडत आले. औषधाच्या दुकानातली ती अठ्ठावीस वर्षं, हजारो बाटल्या, आणि दर बाटलीला 'मालक, जरा बघता का?' याची लाज मला तुझ्या लाजेपेक्षा जास्त वाटते आहे, आणि ती कुठे ठेवू ते कळत नाही.

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. माझ्यापाशी आज ती नाही. उद्या असेल का, सांगता येत नाही. खोटा आशीर्वादही या पत्रात लिहीत नाही, समजून घे.

सभेला मी येणार आहे. पहिल्या रांगेत बसणार. बाईंना कळवलंय, की मला काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचंय. तू गोड करायला लागलास तर मी खोकेन. माझा खोकला तुला माहीत आहे.

साहेबांबद्दल तू जे लिहिलंस ते मात्र चूक आहे, आणि ते मला दुरुस्त करायला हवं. तुला सांगायचं नाही असं मी तेव्हा ठरवलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून.

मी शिक्के मारत होते त्या वर्षी एका रविवारी साहेब घरी आले. तू शिष्यवृत्तीवर परदेशी गेला होतास. माझी आई आत झोपली होती. साहेब टोपी हातात धरून दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. त्यांनी खालच्या धरणावरच्या पर्जन्यमापकाचे त्या महिन्याचे आकडे मागवले होते. माझ्या वहीशी ते दोन-चार मिलिमीटरच्या फरकानं जुळत होते. एकोणीस तारखेला तिथे एकोणचाळीस मिलिमीटर. साहेब म्हणाले, 'बाई, तुमच्या नोंदी बरोबर आहेत. मी तुमच्यावर अन्याय केला. किनाऱ्यावर नवीन हवामान केंद्र निघतंय, तिथे तुम्ही प्रमुख निरीक्षक म्हणून या. फक्त मला दोन ओळी लिहून द्या, की मी पाहिलं तेच लिहिलं होतं. पुढचं मी बघतो.' कागद त्यांनीच आणला होता. पेनही त्यांनीच काढून दिलं.

मी तो कागद तसाच कोरा त्यांच्या हातात परत दिला. मी म्हणाले, 'साहेब, धरणावरच्या माणसाचीही चूक झाली असेल. माझा भाऊ खोटं लिहिणार नाही.'

अक्का